चीज कसं खायचं, हे त्यातलं पाणी सांगतं

ओला बांगडा त्याच दिवशी चुलीवर चढवावा लागतो. तोच बांगडा खारवून उन्हात वाळवला की पावसाळाभर डब्यात राहतो. मग तो तुकड्या-तुकड्यानं कोणी खात नाही, विस्तवावर भाजलेला एवढासा पेजेबरोबर पुरतो. पाणी गेलं, मीठ आलं, चव आटून घट्ट झाली. चीजचं तंत्र याहून फार वेगळं नाही. ताजं मोझरेला म्हणजे ओला मासा आणि दोन वर्षं मुरलेलं पार्मेजान म्हणजे सोडे. सोडे वाटीभर घालून कोणी खिचडी करत नाही, तसं पार्मेजानचे चौकोनी तुकडे घालून कोणी सँडविच करू नये.

रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीच्या मोठ्या दुकानांच्या फ्रीजमध्ये आता क्यूब आणि स्लाइसच्या शेजारी चेडर, गौडा, फेटा, मोझरेलाची पाकिटं दिसतात. ती घरी येतात, सगळी पोळीत गुंडाळून तव्यावर टाकली जातात, आणि फेटा वितळला नाही किंवा चेडरनं तेल सोडलं म्हणून माल खराब निघाला असं वाटतं. माल बहुतेक वेळा चांगलाच असतो. पाकीट हातात घेतल्यावर दोन प्रश्न विचारायचे: दूध कशानं मोडलं आणि त्यात पाणी किती उरलं?

दूध मोडायच्या दोन वाटा

दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसिन असतं. त्याचे सूक्ष्म गोळे दुधात तरंगत असतात आणि आतून कॅल्शियमनं बांधलेले असतात. ते एकमेकांना चिकटले की दूध मोडतं.

पहिली वाट आंबटाची. लिंबू किंवा विरजण यानं दूध आंबट होतं, कॅल्शियम सुटून पाण्यात जातं आणि केसिन गोळा होतं. पनीर असंच होतं, चक्काही असाच. चक्का हे आपल्या घरात पूर्वापार होणारं ताजं चीजच आहे, फक्त आपण त्यात साखर घालून त्याचं श्रीखंड करतो. साखरेऐवजी २५० ग्रॅम चक्क्यात अर्धा चहाचा चमचा मीठ घालून घोटा: लेबनॉनकडचं लबने तयार. कोकणातल्या उकाड्यात दही बाहेर टांगलं तर ते पाणी गळेपर्यंत कडक आंबट होतं, म्हणून चाळणीत फडकं घालून, खाली पातेलं ठेवून, सगळं फ्रीजमध्ये ८ ते १० तास ठेवावं.

दुसरी वाट रेनेटची. हे वासराच्या पोटातलं विकर, म्हणजे एन्झाइम. ते केसिनच्या गोळ्यावरची केसाळ लव कापतं, गोळे चिकटतात, पण कॅल्शियम जागेवर राहतं. चेडर, गौडा, मोझरेला, पार्मेजान, पांढऱ्या सालीचं मऊ ब्री सगळी याच वाटेची. शाकाहारी घरात हा मुद्दा महत्त्वाचा आहे. भारतीय चीज बहुधा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं, पण इटलीचं अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्याच रेनेटवर होतं. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा.

खरवस या दोन्ही वाटांत बसत नाही. चिकात आंबट घालत नाहीत, रेनेटही नाही. केसिनशिवायची दुसरी प्रथिनं चिकात भरपूर असतात आणि ती नुसत्या वाफेनं, अंड्यासारखी, धरतात. म्हणून घट्ट चिकात साधं दूध फार घातलं तर खरवस बसत नाही.

वितळणं याच वाटेवर ठरतं. पनीरमधलं कॅल्शियम गेलेलं असतं. तापवलं की प्रथिनं सैल पडण्याऐवजी आणखी आवळतात, त्यामुळे पनीर तळलं तरी चौकोनी ते चौकोनीच. रेनेटच्या चीजमध्ये कॅल्शियमचे पूल असतात, उष्णतेनं ते ढिले पडतात, स्निग्धांश पातळ होतो आणि चीज वाहू लागतं. मोझरेलाची तार निघते कारण ते बनवताना थोडंसंच आंबवतात, पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ५.२ च्या आसपास आणून, आणि मग गरम पाण्यात ताणतात. त्याहून जास्त आंबलं तर भुगा होतो, कमी आंबलं तर ताणलंच जात नाही. फेटा रेनेटचाच, पण इतका आंबवलेला की तोही वितळत नाही, नुसता मऊ पडतो. सायप्रसचं हलूमी उलट्या टोकाचं: जवळजवळ आंबवलेलंच नसतं, म्हणून ते तव्यावर खरपूस भाजता येतं आणि चावताना दाताखाली कुरकुरतं.

आता आपला क्यूब. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी चीज वितळवून त्यात सोडियम सायट्रेट घालून पाहिलं. हा क्षार केसिनकडचं कॅल्शियम ओढून घेतो, प्रथिनं पाण्यात पसरतात आणि स्निग्धांशाला धरून ठेवतात. चीज फुटत नाही, लवकर बिघडत नाही, गरम देशातही टिकतं. पाकिटावर इमल्सिफायर ३३१, ३३९ किंवा ४५२ दिसलं की ते प्रोसेस्ड. नाक मुरडायचं कारण नाही, वितळवण्यात त्याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. नाक मुरडायचंच तर ज्या पाकिटाच्या घटकांत वनस्पती तेल लिहिलेलं असतं त्याच्यासमोर मुरडावं. ते चीज नव्हेच.

पाण्याचा हिशेब

ताज्या मोझरेलात साधारण ६० टक्के पाणी असतं, फेट्यात ५५ च्या आसपास, ब्रीमध्ये ५०, गौडात ४०, चेडरमध्ये ३७-३८ आणि पार्मेजानमध्ये ३०. याच क्रमानं टिकाऊपणा वाढतो, चव तीव्र होते आणि एका माणसाला लागणारं प्रमाण घटतं. ताजं मोझरेला एकजण १०० ग्रॅम आरामात खातो, पार्मेजान १० ग्रॅम किसलं तरी थाळी भरून पावते. किंमतही याच हिशेबानं चढते. पार्मिजानोच्या ४० किलोच्या एका चाकाला साडेपाचशे लिटरच्या घरात दूध लागतं आणि ते किमान १२ महिने मुरवावं लागतं. कोकण कपिला गाय अंगानं लहान, दूध बेताचं, आणि पिशवीतलं दूध घाट उतरून येतं. इथे मुरवलेल्या चीजची परंपरा का झाली नाही, हे यावरून कळतं. मुरवायच्या खोलीला १० ते १३ अंश तापमान आणि ८५ टक्क्यांवर दमटपणा हवा. त्यातला दमटपणा आपल्याकडे फुकट आहे, थंडी मात्र विकतची.

मुरताना प्रथिनं तुटत जातात. म्हणून कोवळं चेडर लवचीक असतं आणि जुनं चेडर बोटानं दाबलं की चुरतं. जुन्या गौडात किंवा पार्मेजानमध्ये दाताखाली कच्चकन काही लागलं तर ती वाळू नव्हे, मीठही नव्हे. तुटलेल्या प्रथिनांतलं टायरोसिन तिथे खड्यासारखं जमलेलं असतं, आणि चीज नीट मुरल्याची ती खूण. चेडरच्या कापलेल्या बाजूवरची पांढरी पूड मात्र बहुधा कॅल्शियम लॅक्टेट असते. बुरशी समजून ती फेकू नये. बुरशी लोकरीसारखी असते आणि बोटानं पुसली जाते, ही पूड करकरते.

चेडर काही पाकिटांत केशरी का, हेही अनेकदा विचारलं जातं. तो शेंदरीच्या बियांचा रंग आहे. शेंदरीचं झाड कोकणच्या हवेत सहज वाढतं. केशरी आणि पिवळट चेडरच्या चवीत रंगामुळे काही फरक पडत नाही.

ताटात काय ठेवायचं

युरोपीय पुस्तकं सांगतात, चीज खाण्याआधी तासभर फ्रीजबाहेर काढून ठेवा. हा सल्ला तिकडच्या हवेसाठी आहे. तुपाचा डबा पाहा: जानेवारीत चमचा रुतत नाही, मे महिन्यात तूप ओतावं लागतं. चीजमधला स्निग्धांश तोच. ३० अंशांच्या वर तो पाझरायला लागतो, चेडरला घाम फुटतो, मग तुकडा तेलकट आणि रबरी लागतो. एप्रिल-मे महिन्यात १५ मिनिटं पुरेत, डिसेंबरात अर्धा तास. अगदी फ्रीजमधलं थंडगार खाल्लं तर वास नाकापर्यंत पोचत नाही आणि सगळी चीजं सारखीच खारट वाटतात.

चार माणसांना जेवणाआधी तीन प्रकार, प्रत्येक प्रकाराचं १०० ग्रॅम, पुरेसे होतात. सौम्याकडून तिखटाकडे जावं. निळी बुरशी मुरवलेलं ब्लू चीज सगळ्यात शेवटी आणि त्याची सुरी वेगळी, नाहीतर पुढच्या प्रत्येक तुकड्याला त्याचाच वास लागतो. ब्रीची फोड केकसारखी, टोकापासून सालीपर्यंत कापायची. ब्री बाहेरून आत मुरत जातं, मधलं टोक कोवळं आणि सालीलगतचा भाग जास्त मुरलेला असतो. टोक तेवढं उचलणाऱ्याला अर्धीच चव मिळते. पांढरी साल खायचीच असते. गौडावरचं लाल किंवा पिवळं मेण खायचं नसतं.

सोबतीला परदेशी बिस्किटांच्या मागे लागू नये. पावसाळ्यात ती पाकीट फोडल्यापासून वीस मिनिटांत सर्दावतात. आदल्या रात्रीची तांदळाची भाकरी त्रिकोणी कापून मंद तव्यावर कडक होईपर्यंत शेकली तर ती चीजला जास्त शोभते, कारण तिला स्वतःची चव फारशी नसते. नाचणीचा भाजका पापडही चांगला, पण तो सगळं मांडून झाल्यावर शेवटी भाजावा.

चीज खारट आणि स्निग्ध, तेव्हा त्याला शेजारी गोड, आंबट किंवा करकरीत काहीतरी लागतं. स्पेनमध्ये मँचेगो चीजबरोबर क्विन्स नावाच्या फळाची घट्ट वडी देतात. आपल्याकडे त्या जागी कैरीचा मुरांबा आहे, आणि तो सरस आहे, कारण गोडाबरोबर आंबटही देतो. जुन्या गौडाला मुळातच साखर करपवल्यासारखी, खमंग चव असते, त्याच्याशी गुळांबा जुळतो. १५ ग्रॅमच्या फोडीवर पाव चमचा पुरे. इंग्लंडात शेतावरच्या जेवणाच्या थाटात चेडर, पाव, लोणचं आणि कच्चा कांदा मांडतात. इथे अलिबागचा पांढरा कांदा घ्या. तो गोडसर आणि कमी तिखट असतो, चेडरला झाकत नाही. करवंदाचं लोणचं सोबत असेल तर तेल निथळून घ्यावं, तेलावर तेल झालं की जिभेवर साय बसते.

ब्लू चीजनं बहुतेकांना पहिल्या घासाला ठसका लागतो. त्याला गोड द्यावंच लागतं: मधाचा थेंब किंवा फणसपोळीचा तुकडा. वाटाण्याएवढं चीज फणसपोळीच्या दोन बोटं रुंद पट्टीत गुंडाळायचं. फणसाचा वास इतका दांडगा की ब्लू चीजला बरोबरीचा गडी मिळतो. आंबापोळी फेट्याबरोबर. काजू भाजलेले पण बिनमिठाचे, मीठ चीजमध्ये आधीच आहे.

पिकला हापूस मात्र चेडर-गौडाबरोबर देऊ नये. त्याचा सुगंध चीजचा वास पुसून टाकतो आणि दोन्ही वाया जातात. हापूसला ताजंच चीज लागतं. आम्रखंड खाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

कलिंगड आणि फेटा ही ग्रीसकडची जोडी हिवाळा-उन्हाळ्यात इथे करावी. ३०० ग्रॅम कलिंगडाला ६० ग्रॅम फेटा, चार पुदिन्याची पानं, मिरपूड. वरून मीठ अजिबात नको. चुकतं ते इथे: आधी कालवून ठेवलं की कलिंगड पाणी सोडतं आणि फेटा गुलाबी चिखल होतो. ताटात घेतानाच एकत्र करावं. फेटा फार खारट असेल तर २० मिनिटं साध्या पाण्यात बुडवून निथळावा. प्यायला कोकमाचं सरबत, कमी साखरेचं. आंबटपणानं तोंडातला तुपकटपणा धुतला जातो आणि पुढचा तुकडा पहिल्यासारखा लागतो.

चुलीवर

घावनावर चीज घालायची हौस अनेकांना असते. घावन जाळीदार. चीज वितळून जाळीतून खाली उतरतं, बिडाच्या तव्यावर करपतं आणि घावन सुटता सुटत नाही. पुढची दोन घावनंही त्या डागावर चिकटतात. आंबोळी जाड, तिच्यावर ते जमतं: वरची बाजू सुकली की आच मंद करायची, कडेपासून बोटभर जागा सोडून ३० ग्रॅम किसलेलं मोझरेला-चेडर पसरायचं, अर्धा मिनिट झाकण ठेवायचं, दुमडून लगेच उतरवायचं. दोन भाग मोझरेला तारेसाठी, एक भाग चेडर चवीसाठी. नुसत्या मोझरेलाला दुधापलीकडे चव नसते आणि नुसतं जुनं चेडर तेल सोडतं. घावनच हवं असेल तर त्यावर खाली उतरवल्यानंतर पार्मेजान भुरभुरावं. पाण्यातलं ताजं मोझरेला असेल तर आधी फोडी करून अर्धा तास फडक्यावर निथळावं, नाहीतर आंबोळीचा लगदा होतो.

चीज फुटतं, म्हणजे खाली गुठळी आणि वर तेल, त्याचं कारण बहुधा मोठी आच. प्रथिनं आवळतात आणि स्निग्धांश पिळून बाहेर येतो. एकदा फुटलेलं ढवळून जुळत नाही. पातळ सॉस करायचा असेल तर सोपी युक्ती अशी: १०० ग्रॅम किसलेल्या चेडरला एक चमचा कॉर्नफ्लोअर चोळा, १२० मिली दूध वाफ येईपर्यंतच तापवा, त्यात आधी दोन प्रोसेस्ड क्यूब विरघळवा आणि मग चेडर मुठी-मुठीनं घाला. क्यूबमधले क्षार चेडरलाही सांभाळून घेतात. क्यूब नको असेल तर दोन चमचे पाण्यात २ ग्रॅम लिंबूसत्त्व आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा घाला. फसफस पूर्ण थांबली की तेच सोडियम सायट्रेटचं पाणी, ते दुधात घालायचं. फसफस थांबायच्या आत घातलं तर लिंबूसत्त्व दूध फाडतं आणि सॉसऐवजी पनीर मिळतं. बाजारातलं तयार किसलेलं चीज सॉसला घेऊ नये, तुकडे चिकटू नयेत म्हणून त्याला सेल्युलोजसारखी न विरघळणारी पूड लावलेली असते आणि सॉस खरखरीत होतो.

माशांवर चीज? दूध आणि मासे एकत्र नकोत, हा आपल्याकडचा दंडक. इटलीतही शिंपल्यांच्या पास्तावर कोणी पार्मेजान किसलं तर भुवया उंचावतात. जुनं चीज ताज्या सुरमईची नाजूक चव मारतं, एवढं कारण पुरेसं आहे. अपवाद ग्रीसचा: टोमॅटोच्या रश्शात कोळंबी आणि वर फेटा. पाव किलो कोळंबी, तीन टोमॅटो, लसूण, ५० ग्रॅम फेटा. रस्सा आधी आटवायचा, कोळंबी तीन-चार मिनिटांहून जास्त शिजवायची नाही, फेटा आच बंद केल्यावर. मीठ शेवटी चाखूनच.

आणि पार्मेजानची कडक साल फेकू नये. दोन बोटांएवढा तुकडा खरवडून, धुऊन कुळथाच्या पिठीत उकळताना टाकावा आणि वाढताना काढून घ्यावा. सुक्या मासळीला जी गोडसर, भरलेली चव असते तिच्यामागे ग्लुटामेट असतं. या सालीतही तेच उतरतं. पिठीत मीठ नेहमीच्या निम्मं घाला.

फ्रीज, पाऊस आणि गेलेली वीज

चीज प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं की आत पाणी सुटतं आणि बुरशी धरते, उघडं ठेवलं की कडा वाळून फुटतात. बटर पेपरात गुंडाळून, झाकण किंचित सैल ठेवलेल्या डब्यात, फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावं. दारात नको, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. पावसाळ्यात दर चार दिवसांनी कागद बदलावा आणि डबा कोरडा पुसावा. ब्लू चीज फॉइलमध्ये आणि वेगळ्या डब्यात, नाहीतर सकाळच्या चहाच्या दुधालाही त्याचा वास येतो.

चेडर, गौडा, पार्मेजानवर बुरशी दिसली तर तिच्याभोवती आणि खाली एक इंच सोडून कापून टाकावं, सुरी बुरशीला न लावता. उरलेलं खाता येतं. ताजं मोझरेला, पनीर, चक्का, किसलेलं चीज यांवर दिसली तर सगळंच फेकावं, कारण ओल्या पदार्थात ती डोळ्यांना दिसते त्याहून खोल गेलेली असते. गरोदर बाईनं ब्री, त्याच्यासारखंच कॅमेम्बर्ट आणि ब्लू चीज कच्चं खाऊ नये, लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो. रश्शात वाफा येईपर्यंत शिजवलेलं चालतं.

वादळवाऱ्यात वीज गेली तर फ्रीज उघडू नये. बंद फ्रीज साधारण चार तास थंडी धरतो. त्याहून जास्त वेळ गेला तर ताजी आणि मऊ चीजं टाकून द्यावी लागतात. पार्मेजान, चेडर, गौडाला इतक्यात काही होत नाही, फार तर घाम येतो. तो कोरड्या फडक्यानं टिपून नवा कागद गुंडाळावा.

मुंबईहून किंवा पणजीहून चीज आणायचं असेल तर मासेवाल्याकडचा थर्माकोलचा डबा उत्तम, पण सुटा बर्फ नको. वितळलेलं पाणी कागदात शिरतं आणि चीज बुळबुळीत होतं. पाण्याच्या दोन बाटल्या आदल्या रात्री गोठवून खाली ठेवाव्यात, वर वर्तमानपत्राचा जाड थर, त्यावर चीज. पाण्यातलं ताजं मोझरेला मात्र इतक्या लांबून आणू नये, ते राहत्या गावी मिळत असेल तरच घ्यावं.